तांबडीचा चिमटा

३ मार्च ७३, शनिवार. वांबोरी.

शिवरात्रीची जत्रा उरकली. गर्दी बेताची. विहिरींना पाणी नाही, खेळाला माणूस कुठून येणार? तरी मौत का कुवा म्हटलं की पाय वळतातच. रांगेत बायकाच जास्त. बाईमाणूस फळ्यांच्या उभ्या भिंतीवर फटफटी चालवतं, ते बघायला.

तांबड्या फटफटीचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाईप, गळतोय. पुढच्या चाकावर तेलाचे ओघळ. डावा पाईप जास्त. कमल उतरल्यावर म्हणाली, वरच्या पट्ट्याजवळ गेलं की हँडल थरथरतं. म्हटलं, सील गेलेत, मढीला जायच्या आत करतो. "करा," म्हणाली आणि पाणी प्यायला गेली. तिची तक्रार एवढीच असते.

काळी गाडी दिवाळीपासून पडून. तिचं निम्मं सामान तांबडीत गेलंय. तांबडी बंद म्हणजे खेळ बंद.

६ मार्च, मंगळ. नगर.

मालक ट्रकवर फळ्या लादून मढीकडे गेले. मी चिमटा उतरवून बहिणीकडे माळीवाड्यात. आक्का म्हणाली, लोक पाहुणे येताना फळं आणतात, तू लोखंड आणतोस.

पाईप उघडले. तेल काळं, आत पितळेची भुकटी. पाईपातल्या पितळी कड्या, म्हणजे बुश, झिजून लांबट झालेले. पाईप काचेवर लोळवून बघितले. उजवा सरळ, डावा मधे उडतो. दाबून सरळ केला. बुश लेथवर नवे करून घेतले. सील कुठंच नाहीत. चामड्याचे कापले, तेलात भिजत टाकलेत.

रस्त्यावरची गाडी खड्डा आला की दबते आणि उठते. आमची खेळभर दबलेलीच. सगळा भार चिमट्यावर. माझ्या जोडीदाराला, रघुनाथला, हे कधी सांगावं लागलं नाही. त्याला हँडलमधूनच कळायचं.

रघुनाथ असता तर आज आम्ही दोघांनी मिळून उघडला असता. भिंतीवरही एकदम असायचो, तो वर, मी खाली. माझं मनगट मोडलं नि मी पाने हातात घेतले. तो गेला काविळीनं, अंथरुणात. मग त्याच तांबडीवर त्याची बायको कमल बसली. तिला त्यानंच शिकवलेलं. ती पहिल्यांदा एकटी वर चढली तेव्हा मी खाली उभा होतो, आणि वर बघायचं धाडस झालं नाही.

९ मार्च, शुक्र. मढी.

चिमटा बसवला. गळती बंद. कमलनं रिकाम्या कुव्यात फेरी मारली. थरथर गेली म्हणाली. मालक खूश. मालक म्हणजे बाबूशेठ. पंधरा माणसांचा कबिला पोसायचा म्हणजे खुशी क्वचितच दिसते.

पण उतरताना कमल जरा थांबली. "मिस्त्री, वर दाब आला की कट् वाजतं. एकदाच. परत न्हाई वाजत."

फळी असेल, म्हटलं. फळ्या ठोकून बघितल्या. सगळ्या घट्ट.

११ मार्च, रवि.

फळी नव्हती.

आज पुन्हा सगळं खोललं. पाईप ठीक, बुश ठीक. शेवटी खालची टी. म्हणजे दोन्ही पाईपांना धरणारा जाड तुकडा, ज्यातून हँडलचा दांडा वर जातो. घासून पुसली, रॉकेलमध्ये ठेवली, कोरडी केली आणि शाळेतून आणलेल्या खडूची पूड चोळली. थांबलो. जिथं दांडा टीत शिरतो तिथं पांढऱ्यावर बारीक काळी रेघ उमटली. आतलं रॉकेल बाहेर येतं, त्याची रेघ. निम्म्या गोलाला चीर आहे.

 कमल ह्याच्यावर भिंतीवर होती. हात सोडून.

बाबूशेठना दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं, म्हणाले, हाताला तर लागत नाही. म्हटलं, हाताला लागेल तेव्हा दांडा हातात आलेला असेल. 

१२ मार्च, सोम.

नगरला जाऊन आलो. ह्या गाडीची टी नाही. जुनी विलायती गाडी, सामान यायचं बंद होऊन वर्षं झाली. पुण्याला एकाला निरोप दिलाय.

बाबूशेठ म्हणतात, तिसगावात गॅसवाला आहे, चीर भरून घेऊ. होळीपासून पाडव्यापर्यंत इथं माणूस मावत नाही. हीच जत्रा, नाहीतर पावसाळ्यापर्यंत बसून खायचं. "तूच उभा राहून भरून घे," म्हणाले.

नाही म्हटलं. असल्या जागेला ताव दिला की शेजारचं लोखंड ठिसूळ होतं. जोड राहील, बाजूला तुटेल. ते म्हणाले, ट्रॅक्टरचे एवढाले दांडे जोडतात. ट्रॅक्टर भिंतीवर चढत नाही, मी म्हटलं. उगाच म्हटलं. चार माणसं हसली, त्यांचं तोंड उतरलं.

१३ मार्च, मंगळ.

दुपारी कमल आली. कुव्याच्या सावलीत बसली. तिची आई, भाऊ, भावजय सगळे रस्त्याच्या दुष्काळी कामावर आहेत. पोरगी आजीजवळ. गावची जनावरं छावणीत. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी पोरीला पचत नाही म्हणाली. मग म्हणाली,

"तुमी जोडून देता का?"

"नाही देणार."

"जोडलं तर किती दिस निघंल?"

"ते सांगता येत नाही. म्हणूनच नाही."

"मंग दुसरा जोडंल. मी तर बसनारच हाय. तुमी निस्तं हितं ऱ्हावा. रोज बघत जावा. तुमची नजर हाय तवर मला भ्या न्हाई."

म्हटलं, मी इथं राहिलो म्हणजे त्या जोडाला मी हो म्हटल्यासारखं होतं.

 "तसं आसंल तर जावा," म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१५ मार्च, गुरु.

टी तिसगावहून जोडून आली. गाठ आलीय नुसती, वर रंग फासलेला. मी हात लावला नाही. ट्रकच्या ड्रायव्हरनं बसवली. हँडल फार आवळलं असावं, ते मी लांबून बघत होतो आणि सांगितलंही नाही.

हत्यारांची पेटी बांधली. बाबूशेठ म्हणाले, सदा, एवढ्या वर्षांचं असं करतोस? म्हटलं, उद्या काही झालं तर माझ्या हातचं नको. ते म्हणाले, जा मग, तुझे हात संभाळ.

एस.टी.त बसल्यावर भोंगा ऐकू आला. खेळ सुरू होत असल्याचा. गाडी सुटेपर्यंत कान तिकडंच.

१८ मार्च, रवि. होळी. नगर.

गल्लीत होळी लहानशी. लाकडं कुठली, शेणी कुठल्या. आक्कानं पुरणपोळी केली, गूळ बेताचा. भाऊजी म्हणाले, बरं केलंस सोडून आलास, असल्या कामात एक दिवस पोलीस दारात येतात. मान हलवली.

माझं बरोबर होतं. चीर होती, जोड खोटा होता, मी नाही म्हटलं. सगळं बरोबर. आणि कमल आज त्याच जोडावर भिंतीवर आहे, आणि खेळ संपल्यावर गाठीवर नजर टाकणारं तिथं कुणी नाही. मग माझ्या बरोबर असण्याचं तिला काय मिळालं?

पोळी गोड लागली नाही. आक्काला वाटलं गूळ कमी पडला.

१९ मार्च, सोम.

राहायला हवं होतं. रोज खोलून बघितलं असतं. रेघ जोडाबाहेर सरकली की त्या दिवशी पाना फेकून दिला असता. ती हेच म्हणत होती. मी संमतीचं काढलं.

रघुनाथ असता तर काय केलं असतं त्यानं? राहिला असता. शिव्या देत राहिला असता.

२१ मार्च, बुध.

भिंगारच्या बाजूला लष्करी भंगार घेणारा एक आहे, त्याच्याकडं सगळा दिवस. ढिगाखाली एक मोडकी फटफटी. पुढून आपटलेली, पाईप इळ्यासारखे वाकलेले. जात तीच. टी दांड्यासकट निघाली. घरी आणून रॉकेल, खडू. दोनदा केलं. रेघ नाही.

आक्का विचारते, आता हे कुणासाठी? नोकरी तर सोडलीस.

२३ मार्च, शुक्र. रंगपंचमी.

मढीचा मोठा दिवस. गाढवांचा बाजार, नवसाची माणसं, कुव्याला तर श्वास घ्यायला जागा नसेल. अशा दिवशी एक फेरी उतरते न उतरते तोच दुसरी. चिमट्याला उसंत नाही, कमललाही नाही.

भंगारातल्या टीचा वरचा भाग सूतभर जाड आहे. आमच्या छर्‍यांची वाटी, म्हणजे हँडल फिरतं ती बेअरिंग, त्यावर बसायची नाही बहुतेक. तांबडीच्या वाटीचं माप माझ्याकडं नाही. मागच्या वेळी घ्यायला हवं होतं. आठवणीवर लेथ चालवायला धजत नाही.

२६ मार्च, सोम.

मढीहून आलेला एक भांडीवाला स्टँडवर भेटला. विचारलं, कुवा बघितला का? बघितला म्हणाला. बाई हात सोडून चालवते, डोळ्यांवर रुमाल बांधते. रुमाल नवीन आहे. मी असताना नव्हता. मालकानं काढला की तिनं, कोण जाणे.

"पडली-बिडली नाही ना?"

"पडली आसती तर लोकांनी सांगितलं नसतं व्हय?"

उद्या निघतो.

२७ मार्च, मंगळ. मढी.

पोचलो तेव्हा खेळ चालू होता. बाहेर उभा राहून आवाज ऐकला. इंजिन ठीक. वर दाब आला की कट् येतं का ते गर्दीत कळेना.

बाबूशेठनी चहा दिला. जुनं काही काढलं नाही. टी दाखवली, बसवायचं म्हटलं. ते म्हणाले, पाडवा होऊ दे, मग निवांत बसव. आता खोललीस आणि काही अडलं तर जत्रा गेली. त्यांचंही खोटं नाही.

कमल रुमालानं तोंड पुसत आली. मला बघून थांबली. "आलाव व्हय," म्हणाली. मग म्हणाली तिच्या आईकडं जाऊन पोरीला बघून आली, पोरगी बरी आहे. चिमट्याचं मी काढलं, तिनं नाही. रोज खेळाआधी ती स्वतः गाठीवरून बोट फिरवते म्हणाली. "तुमी बघत हुता तसं."

बोटाला काय कळणार. पण ते तिला सांगितलं नाही.

२८ मार्च, बुध.

आज जे केलं ते लिहून ठेवतो.

सकाळी कमल नदीच्या डबक्यावर धुणं घेऊन गेली होती. बाबूशेठ बाजारात. मी तांबडीला स्टँडवर घेतलं आणि चिमटा उतरवला. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पाडव्यानंतर म्हणाले असते, आणि ती रुमाल बांधून पुन्हा चढली असती. परत एकदा बाहेर उभं राहून ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

जुनी टी काढली. रंग खरवडला. रॉकेल, खडू. जोडावर रेघ नाही. जोडाच्या बाजूला? नाही. परत केलं. नाही. गाठीखाली चीर किती उरलीय ते कळायला मार्ग नाही. गॅसवाल्यानं काम नीट केलं असेल. नसेलही.

नवी टी वाटीत बसली नाही. सूतभरच अडली.

आता जुनी बसवावी तर मन होईना, नवी बसेना. तेवढ्यात तिकिटाची रांग लागायला लागली. बाबूशेठ आले, जमिनीवर मांडलेलं सामान बघितलं आणि खालीच बसले. मला वाटलं ओरडतील. "सदा, तुला मी बाहेर काढलं नव्हतं रे," एवढंच म्हणाले.

कमल धुण्याची बादली घेऊन आली. सगळं बघितलं. जुनी टी उचलली, त्यावर रेघ शोधली.

"दिसली का?"

"नाही दिसत."

तिनं ती खाली ठेवली. हळू ठेवली. "इचारायचं तरी हुतं, मिस्त्री. तवा नगं म्हनला, तवा बी माजं आयिकलं न्हाई. आज बी न्हाई."

 

रांगेतल्या लोकांना परत पाठवलं.

२९ मार्च, गुरु. नगर.

दांडा आणि वाटी घेऊन लेथवर. लेथवाल्याकडं वीज नाही. दुष्काळात विजेचंही तसंच. बसून.

३१ मार्च, शनि. नगर.

वीज आली. सूतभर उतरवून घेतलं. वाटी बसली, हातानं, दोन हलक्या ठोक्यांत. एवढंच काम होतं. हे मढीला जायच्या आधी करून नेलं असतं तर एकही खेळ बुडाला नसता. माप नव्हतं म्हणून थांबलो होतो. माप मागवता आलं असतं. ट्रक रोज नगरला येत होता. पण निरोप पाठवायचा तर आधी बोलावं लागलं असतं.

४ एप्रिल, बुध. पाडवा. मढी.

जत्रा उठली. चिमटा परवाच बसवला होता, पण रिकाम्या कुव्यात चालवायला कमल नव्हती. ती मी नगरला गेलो त्याच दिवशी आईकडं गेली. बाबूशेठना सांगून गेली, माझ्यासाठी निरोप नाही.

आज गडी फळ्या उतरवतायत. एकेक फळी निघाली की पलीकडचं माळरान दिसतं. जेवायला तळलेल्या तेलच्या केल्या होत्या, गुढी ट्रकच्या खांबाला.

बाबूशेठ म्हणाले, चैत्री पुनवेला शेवगावच्या अंगाला एक जत्रा आहे. पुण्याचा एक पोरगा यायला तयार आहे, पण लोक बाईला बघायला येतात. "तूच जाऊन आण तिला. घालवलीस तूच." हसून म्हणाले, पण म्हणाले.

५ एप्रिल, गुरु.

तांबडी रस्त्यावर काढून बघितली. मनगट आता साथ देत नाही, सावकाशच. करंजीच्या घाटात चढ-उतार करून आलो. चिमटा लोण्यासारखा चालतो. कुठं आवाज नाही. तेल नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. झालं तेव्हा बसणारी नाही.

रस्त्यात एक म्हातारा म्हणाला, आवाज लई गोड हाय गाडीचा. थांबून त्याच्याकडं पाणी प्यालो. अर्धा तांब्याच दिला, पण दिला.

७ एप्रिल, शनि. कमलच्या आईचं गाव.

तांबडीवर आलो. गावात कुणी नाही, सगळे रस्त्याच्या कामावर. तिकडं गेलो. उन्हात ओळीनं बायका बसलेल्या, खडी फोडतायत. कमल आईशेजारी. डोक्यावर पदर, हाताला चिंध्या बांधलेल्या. ज्या हातानं हँडल सोडून लोकांना सलाम करते तोच हात. मला बघून उठली नाही.

जवळ जाऊन म्हटलं, चिमटा झाला. नवी टी बसली. घाटात चालवून बघितला.

तिनं हातोडी बाजूला ठेवली आणि गाडीजवळ आली. गुडघ्यावर बसून टीखाली बघितलं. मग उभी राहून दोन्ही हातांनी हँडल खाली दाबलं आणि सोडलं. चिमटा खाली गेला, सावकाश वर आला. तिनं परत दाबलं. ओळीतल्या बायका काम थांबवून बघत होत्या.

"चांगला झालाय," म्हणाली.

मी शेवगावचं सांगितलं. पुनवेचं सांगितलं. बाबूशेठनी बोलावलंय हेही सांगितलं.

ती म्हणाली, "इचारायला आलाव का न्यायला?"

"विचारायला."

"मंग इचारा."

इतक्या वर्षांत तिला काही विचारल्याचं मला आठवेना.  म्हटलं, कमल, तुला भिंतीवर जायचंय का? नको असेल तर बाबूशेठना मी सांगतो, पुन्हा कुणी येणार नाही. आणि जायचं असेल तर रोज खेळाआधी मी खोलून दाखवीन, तू हो म्हटल्यावरच गाडी सुरू होईल. आणि तेव्हा मी निघून गेलो, ते चुकलं.

तिची आई तिकडून बघत होती. मुकादमानं हाक मारली. कमलनं हँडल सोडलं.

"काम सुटल्यावर सांगते," म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.

बाभळीखाली बसून हे लिहितोय. तांबडी समोर आहे. इथून कमलची पाठ दिसते, चेहरा नाही. हातोड्यांचा आवाज सगळा एकच येतो, त्यातला तिचा कुठला ते ओळखता येत नाही. अजून ऊन बरंच वर आहे.